'कळलंच असेल': दोघांच्याही मनात असून ताटातूट का होते

समजा, इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या गणपतीतल्या एकांकिकेत दोघं आहेत. तालीम रात्री साडेनऊला संपते आणि सात-आठ जणांचं टोळकं सराफ्यात जातं. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडलेली, त्यांच्या पायऱ्यांवर खाणाऱ्यांची गर्दी. भुट्ट्याच्या किसाचे दोन द्रोण घेऊन तो उभा असतो आणि त्यातल्या एकात लिंबू पिळलेलं नसतं, कारण तिला लिंबू चालत नाही. ती घरून निघताना त्याच्या संवादांची वही आठवणीने पिशवीत टाकते, कारण तो ती दर वेळी विसरतो. अशी तीन वर्षं जातात. मग तिला पुण्याला नोकरी लागते. इंदूर स्टेशनवर सगळं टोळकं सोडायला येतं. "पोचलीस की कळव." "हो." दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, "पोचले." त्यावर तो अंगठा टाकतो आणि प्रकरण तिथेच संपतं.

पुढे कधीतरी कुणी मित्र म्हणतो, "हिंमतच नव्हती रे दोघांत." हे उत्तर सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे. तोच मुलगा पाचशे माणसांसमोर रंगमंचावर उभा राहतो, तीच मुलगी एकटी पुण्यात जाऊन घर शोधते. धीट माणसांचंही इथेच घोडं अडतं. म्हणून स्वभावापेक्षा, दोघांच्या मधे नेमकं काय अडकलं होतं ते उलगडून पाहणं जास्त कामाचं.

टेबलावरचा ठेका

१९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. एकाने सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्म्या वेळा तरी ओळखता येईल. प्रत्यक्षात १२० वेळा ठेका वाजला आणि गाणं ओळखलं गेलं फक्त ३ वेळा. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, पेटी, तबला सगळं चालू असतं. ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते नुसतं टकटक. घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

लिंबू न पिळलेला द्रोण हा असाच ठेका. तो देताना त्याच्या मनात तीन वर्षांचं अख्खं गाणं वाजत असतं. तिच्यापर्यंत पोचते ती एक कोरडी नोंद: याच्या लक्षात राहिलं. छान मुलगा आहे.

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने तपासली. लोकांना पेयं चाखायला दिली. त्यात एखादं अगदी घाणेरड्या चवीचं होतं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नव्हतं. चाखणाऱ्यांना वाटलं, बघणाऱ्यांना आपला चेहरा सहज वाचता येईल. बघणाऱ्यांना तितकं कळलंच नाही. आपलं मन काचेचं आहे असं आपल्याला आतून वाटतं, बाहेरून ते बऱ्यापैकी पत्र्याचं असतं.

प्रेमाच्या बाबतीत याला आणखी एक पीळ आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या जॅकी व्होराउर आणि सहकाऱ्यांचं २००३ चं काम सांगतं की ज्यांना नकाराची धास्ती जास्त, त्यांना आपला इशारा जास्तच उघड वाटतो. "मी एवढं बोललो म्हणजे समोरच्याला सगळं कळलंच" असा त्यांचा हिशेब. म्हणजे जो सगळ्यात हळू बोलतो त्यालाच वाटतं की आपण ओरडलो.

आता यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. इशारा देणारा त्याची किंमत मोजतो खर्चावरून, आणि घेणारा मोजतो फरकावरून. विजयनगरला राहणारा मुलगा तिला सोडायला राजेंद्रनगरपर्यंत दहा-बारा किलोमीटर उलटा जातो. पेट्रोल, वेळ, घरची बोलणी, हा त्याचा खर्च. ती मात्र पाहते की हा परवा अमक्यालाही घरी सोडून आला होता आणि काकूंनाही दवाखान्यात घेऊन गेला होता. स्वभावच तसा त्याचा. सगळ्यांसाठी धावणाऱ्या माणसाचं प्रेम त्याच्या चांगुलपणात विरघळून जातं, त्याचा वेगळा रंग दिसत नाही. एरवी कुणाशी फारसं न बोलणारा मुलगा नुसतं "जेवलीस का?" म्हणाला तरी ते ऐकू येतं. त्यामुळे भल्या, मनमिळाऊ लोकांची या बाबतीत जास्त फसगत होते. अन्याय आहे, पण आहे.

शिवाय इशारे साठत नाहीत. पहिल्यांदा सोडायला आला तेव्हा तिच्या मनात काहीतरी हललं असेल. पन्नासाव्या वेळी ती नेहमीची गोष्ट झालेली असते, आणि उलट एखाद दिवशी तो आला नाही तर तेवढं लक्षात येतं. "मी इतकी वर्षं इतकं केलं, तिला कळायला नको?" ही तक्रार त्यामुळे चुकीची आहे. इतकी वर्षं केलं म्हणूनच कळेनासं झालं.

एकच शांतता, दोन अर्थ

१९९६ मध्ये याच व्होराउर आणि रिबेका रॅटनर यांनी एक प्रश्न विचारला होता: दोन अनोळखी माणसं एकमेकांना आवडली, तरी कुणीच पुढे झालं नाही, तर दोघं त्याचा अर्थ काय लावतात? उत्तर मोठं बोलकं आहे. "मी का पुढे झालो नाही?" तर "नकाराची भीती वाटली." "ती का पुढे झाली नाही?" तर "तिला रस नसावा." वागणं दोघांचं तंतोतंत सारखं. पण स्वतःच्या गप्प बसण्यामागे आपल्याला भीती दिसते आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्यामागे नापसंती. आपली भीती आपण आतून पाहतो. दुसऱ्याची बाहेरून दिसतच नाही, मग तिथे जे सोपं कारण सुचतं ते चिकटवून मोकळे होतो.

आकड्यांत मांडून पाहू. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, मोजलेले नाहीत. त्याने ठरवलंय, दहापैकी सात खात्री झाली की बोलायचं. तिनेही तेच ठरवलंय. तो जो इशारा देतो त्याला तो स्वतः सात गुण देतो, तिच्यापर्यंत तीन पोचतात. तिच्या इशाऱ्याचंही तेच. आता दोघांच्या पदरात तीन-तीन गुण आहेत, दोघं आणखी चारांची वाट बघतायत, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण आपले सात कधीच दिले, आता पुढचं पाऊल समोरच्याचं. ही कोंडी आपोआप सुटत नाही, कारण वाट पाहण्याने तीनाचे चार होत नाहीत. उलट दोन महिन्यांनी "इतके दिवस काहीच म्हणाली नाही" या हिशेबाने तीनाचे दोन होतात.

झाकली मूठ

मग सरळ बोलत का नाहीत? कारण आडून बोलण्याचा खरोखर फायदा असतो. वाहतूक पोलिसाने पकडल्यावर "लाच देतो, सोडा" असं कुणी म्हणत नाही. "साहेब, इथेच काही मिटवता आलं तर बघा ना" म्हणतात. साहेब सरळमार्गी निघाला तर आपण काहीच म्हटलेलं नसतं. स्टीव्हन पिंकर, मार्टिन नोवाक आणि जेम्स ली यांनी २००८ मध्ये आडवळणाच्या बोलण्याचं तर्कशास्त्र मांडलं, त्यात नेमका असाच पोलिसाचा दाखला आहे. आपल्याकडे याला जुनी म्हण आहेच: लेकी बोले सुने लागे.

प्रेमातला इशाराही याच जातीचा. "तुझ्यासारखी मुलगी मिळाली तर आई खूश होईल" हे वाक्य घ्या. तिला आवडलं तर पुढे जाता येतं, नाही आवडलं तर "अगं, गंमत केली" म्हणून मागे येता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मागे यायची वाट जितकी रुंद ठेवावी तितकं वाक्य निसटतं होतं, आणि वाक्य निसटतं असेल तर समोरच्याला ते खरं धरायचाही धीर होत नाही. तीही मूठ झाकते: "चल, काहीही!" हे "चल, काहीही" म्हणजे नकार नव्हे. तिनेसुद्धा आपली परतीची वाट राखली, एवढंच. पण त्याच्या वहीत ते नकार म्हणून जमा होतं.

इथे एक बारीक भेद आहे, तो समजला की बाकीचं बरंच उलगडतं. दोघांना एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, आणि दोघांना माहीत आहे हे दोघांनाही माहीत असणं वेगळं. तो तिला आवडतो हे त्याला साधारण ठाऊक असू शकतं. आपण त्याला आवडतो हे तिलाही. पण त्याला ठाऊक आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही. या अवस्थेत दोघंही नाटक चालू ठेवू शकतात: मित्र आहोत. इशारे कितीही वाढवा, ते याच मजल्यावर फिरत राहतात. तोंडाने उच्चारलेलं एक सरळ वाक्य मात्र सगळे मजले एकदम चढतं. तो म्हणाला, तिने ऐकलं, तिने ऐकलं हे त्याने पाहिलं, त्याने पाहिलं हे तिला दिसलं. आता मागे जाता येत नाही. म्हणून ज्याची खात्री नव्वद टक्के आहे त्याचीही जीभ रेटत नाही. नकाराइतकीच ही परत न फिरण्याची धास्ती असते.

इंदूरच्या मराठी माणसाची जादाची अडचण

पुण्यात एखादीला विचारलं, ती नाही म्हणाली, तर दुसऱ्या दिवसापासून ती लाखोंच्या गर्दीत हरवून जाऊ शकते. इंदुरातलं मराठी जग त्या मानाने लहान आहे. गणपतीला तीच माणसं, सानंद या संस्थेच्या नाटकाला तीच, हळदीकुंकवाला त्याच काकू, लग्नात पुन्हा त्याच पंगतीत. त्यातून त्याची आई आणि तिची आत्या एका भिशीत असते. नकार मिळाला तर तो दर पंधरा दिवसांनी समोर येणार, आणि होकार मिळाला तर तो तीन दिवसांत चार घरांत पोचणार. दोन्हीकडून खर्च जास्त. अशा ठिकाणी लोक मोठ्या शहरापेक्षा जास्त सावध असतात आणि त्यात भित्रेपणा कमी, व्यवहार जास्त असतो.

भाषेचाही घोळ आहे. इथली मराठी मुलं चौघांत हिंदी बोलतात आणि घरी मराठी, त्यातही "काय करून राहिलास?" असली इंदुरी वळणाची. टोळक्यात हिंदी बोलणारी दोघं एकटी असताना मराठीवर येतात, हा खरं तर केवढा मोठा इशारा. पण देणारा समजतो, मी तिच्यासाठी माझी घरची भाषा काढली. घेणारी समजते, मराठी आहे, मराठी बोलणारच.

संबोधनाचं बघा. इंदुरात रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळेच "भिया", त्याला काही अर्थ नाही, ते हवेसारखं आहे. पण मंडळात कुणी एकदा "दादा" म्हटलं की ते नातं होतं. वयाने दोन वर्षं मोठा म्हणून पहिल्या दिवशी सहज चिकटलेलं "दादा" पुढे सोडवता सोडवत नाही. ते हळूच गळून पडलं आणि नुसतं नाव आलं, तर तेवढ्याकडे लक्ष द्यावं. ती बदललेली सवय आहे, म्हणजे फरक आहे.

आणि शेवटी वाक्यच सापडत नाही. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे मराठीत म्हटलं की तिसऱ्या अंकातलं वाटतं. "आय लव्ह यू" म्हटलं की थट्टेवारी नेता येतं. हिंदीत सिनेमा आडवा येतो. बोलता येण्याजोगं एकच उरतं, "मला तू आवडतेस". साधं वाक्य, पण गंमत अशी की यातला कर्ता कोण तेच पटकन सांगता येत नाही. आवडतेस तू, मला फक्त ते होतं. जणू सर्दी झाली. प्रेमाची कबुली देताना मराठी व्याकरण जबाबदारी थोडी समोरच्यावर टाकतं, आणि त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही.

दोन प्रश्नांची गाठ

घरच्यांचा विषय निघाला की पुष्कळ जण पहिला प्रश्न विचारायच्या आधीच दुसऱ्यावर अडतात. पहिला प्रश्न: "मी तुला आवडतो का?" दुसरा: "आपलं लग्न होऊ शकेल का?" आपल्याकडे दोन्ही एकाच पुडीत बांधलेले. ती कोकणस्थ, तो मराठा. किंवा तो मराठी आणि ती माळव्यातली जैन. "घरचे ऐकणारच नाहीत, मग विचारून तिला कशाला त्रास?" हे बोलणं ऐकायला थोर वाटतं. त्यात गडबड अशी की तिच्या वतीने तिच्या वाटणीचा निर्णय त्यानेच घेऊन टाकला, आणि काही निर्णय घ्यायचा होता हेही तिला कळू दिलं नाही.

दुसऱ्या प्रश्नातल्या काही भीती तर मुळातच पोकळ असतात. सगोत्र आहोत म्हणून लग्न कायद्याने होत नाही, असं अजून मानणारी घरं आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्राची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती जवळच्या रक्तनात्याची, वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत, आणि तिथेही रूढीचा अपवाद आहे. धर्म वेगळा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण, दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान ३० दिवस मुक्काम, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती लागल्यापासून ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. तीस दिवस लागलेली ती नोटीस अनेकांच्या पोटात गोळा आणते, हे खरं. पण हे सगळं दुसऱ्या प्रश्नाचं आहे, आणि पहिल्याचं उत्तर हातात नसताना त्याचा अभ्यास करत बसणं म्हणजे बाजारात तुरी.

दोघं मुलगे किंवा दोघी मुली असतील तर पहिला प्रश्नच दुप्पट जड होतो, कारण विचारताना स्वतःबद्दलचीही एक गोष्ट उघड करावी लागते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं नातं गुन्ह्यातून बाहेर काढलं, पण कॉलनीतल्या काकूंचं मत न्यायालयाच्या हातात नसतं. तिथे समोरच्यावर आपलं गुपित सोपवता येईल का, हे आधी पाहणं शहाणपणाचं.

शेवटचे आठ दिवस

नोकरीचं पत्र आलं की दोघांनाही वाटतं, आता तरी बोलणं होईल. होत नाही, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. जाण्याची तारीख जवळ येते तशी नकाराची किंमत उतरत जाते. नाही म्हणाली तर परवा ती पुण्यात, रोज तोंड दाखवायचं नाही. पण होकाराचा फायदाही उतरतो, आणि तो जास्त वेगाने उतरतो. सहा महिने आधी होकार मिळाला असता तर सहा महिने सोबत मिळाले असते आणि दूर राहायची सवयही लावता आली असती. आठ दिवस आधी मिळाला तर पदरात आठ दिवस आणि पुढे रात्रभराचा प्रवास. "आता सांगून काय उपयोग?" हे वाक्य याच टप्प्यावर जन्माला येतं.

त्याहून वाईट गोष्ट शांततेची होते. तीन वर्षं न बोलण्याला काही अर्थ नव्हता, कारण उद्याचा दिवस होता. फलाटावर मात्र प्रत्येक जण मनात म्हणतो, "असतं मनात, तर आज तरी बोलली असती." कालपर्यंतची नुसती शांतता गाडी सुटताना उत्तर होऊन बसते. दोघं आपापल्या घरी एकेक नकार घेऊन जातात, जो कुणी दिलेलाच नसतो. त्यात फलाटावर टोळकं असतं, बॅगा असतात, तिचे वडील पाण्याची बाटली आणायला धावलेले असतात. बोलायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

मग "पोचले." या मेसेजला उत्तर लिहिताना तो आधी लिहितो, "आज तालमीला सुनंसुनं वाटलं." पुसतो. "माझी वही तुझ्याकडेच राहिली." तेही पुसतो. तिकडे तिला वर "टायपिंग" दिसतं, जातं, पुन्हा दिसतं. ती वाट बघते. येतो अंगठा. तिच्या बाजूने हा अख्खा व्यवहार काय दिसला, तर काहीतरी लिहायचं होतं आणि लिहावंसं वाटलं नाही.

विचारायचंच असेल तर

आधी कुणी विचारू नये ते सांगू. वरिष्ठ आणि हाताखालचा, शिकवणारा आणि विद्यार्थी, असं नातं असेल तर नाही म्हणण्याचं मोकळेपण समोरच्याला नसतं, तिथे गप्प बसणं बरोबर आहे. समोरचं माणूस दुसऱ्या नात्यात असेल तरीही. आणि एकदा स्पष्ट नकार आला असेल तर विषय संपला. वर लिहिलेलं वाचून कुणी "ती गप्प आहे म्हणजे तिच्या मनात आहे" असा अर्थ काढला तर त्याने लेख उलटा धरून वाचला. शांततेवरून होकार कळत नाही, तसाच नकारही कळत नाही. कळण्यासाठी एकदा, एकदाच, विचारावं लागतं.

वेळ: जाण्याची तारीख ठरली असेल तर महिना-दोन महिने आधी. फार आधी विचारायची सोय असते तेव्हा माणूस विचारत नाही, म्हणून ही मर्यादा. दिवस साधा असावा. वाढदिवस, धुळवड, प्रयोगाची रात्र नको, त्या दिवशीचं बोलणं नंतर "तेव्हा जरा भावनेत होतो" या सबबीखाली पुसलं जातं.

जागा: चालता चालता बोलता येईल अशी. लालबागेच्या बाजूचा रस्ता चालेल, कॉलनीतला बगीचा चालेल. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत टेबलाला टेबल लागून बसून नको, मागच्या टेबलावर तिची मावसबहीण निघते. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना चेहरा लपवायला दोघांनाही जागा मिळते, आणि निघून जायची वाटही मोकळी राहते. तिला आपल्या गाडीवरून दूर नेऊन तिथे विचारणं तर अजिबात नको. परत यायला तुमच्यावरच अवलंबून असलेलं माणूस मोकळेपणाने नाही कसं म्हणेल?

वाक्य: तीन तुकडे पुरतात. काय वाटतं ते, काय विचारायचंय ते, आणि नाही म्हणायची सोय. "मला तू आवडतेस, नुसती मैत्रीण म्हणून नाही. तुलाही तसं काही वाटतं का, एवढंच विचारायचं होतं. नसेल तर नाही म्हण, तालमीत मी नेहमीसारखाच असेन." मोठ्याने म्हणून पाहा, पंधरा-वीस सेकंद होतात. दोन मिनिटं झाली तर ते भाषण झालं. मुलीने विचारायचं तर वाक्य तेच, फक्त "आवडतोस". "मुलीने कसं विचारायचं?" हा अडसर अजून आहे, आणि त्यामुळे अर्धे लोक वाट बघण्यातच संपतात. भीड भिकेची बहीण, ती मुलगा-मुलगी बघत नाही.

चुका बहुधा याच होतात. मित्राला मध्ये घालणं, मग "तो म्हणाला की तू म्हणालास" सुरू होतं. रात्री एकला मेसेज, तो सकाळी दोघांनाही खोटा वाटतो. "तू नाही म्हणालीस तर माझं काय होईल" असा दम, त्यात प्रेम नसतं, वसुली असते. आणि विचारून झाल्यावर लगेच हसून "गंमत करत होतो" म्हणणं. ही शेवटची चूक सगळ्यात जास्त होते, कारण मूठ उघडली की हात आपोआप मिटतो. बोललात की दहापर्यंत मनात मोजा आणि गप्प राहा.

मैत्री जाईल, ही भीती खोटी नाही, पण तिला एक दुसरी बाजू आहे. व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या सुमारे १,९०० लोकांची माहिती एकत्र केली. त्यातल्या दोन-तृतीयांशांचं नातं आधी मैत्री आणि मग प्रेम असंच जुळलेलं होतं. ते देश वेगळे, पण तिथेसुद्धा मैत्रीतून प्रेम हाच रूढ रस्ता निघाला.

उत्तर ऐकायचंही तंत्र आहे. मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की प्रेमात पडलेल्याने कसं वागायचं याचे नमुने गाण्या-गोष्टींत ढीगभर आहेत, पण नकार देणाऱ्यासाठी असा नमुनाच नाही. मग ती माणसं दुखवायला नको म्हणून गुळमुळीत बोलतात. "सध्या करिअरकडे लक्ष आहे", "तू खूप चांगला आहेस, पण". हे नकारच आहेत, त्यात फट शोधू नये. "मला विचार करायला वेळ दे" हे मात्र खरोखर तेच असू शकतं, कारण तुम्ही तीन वर्षं जे मनात घोळवलं ते तिच्यासमोर आत्ता आलंय. तेव्हा "हो, हवा तेवढा घे. रविवारी तालमीनंतर बोलूया का?" असं म्हणून दिवस ठरवून टाका. मधल्या दिवसांत आठवण करून देऊ नका, नेहमीपेक्षा जास्त मेसेज नको आणि कमीही नको. रविवारी तिने विषय काढला नाही, तर ते नाही समजायचं आणि आपणही काढायचा नाही. सोमवारी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर सगळे भेटलेच, तर तिची प्लेट पुढे करताना "जिरावण मसाला टाकू?" एवढं नेहमीच्या आवाजात विचारता आलं पाहिजे.